पाणी ओसरते, भीती राहते : आपत्तीनंतर मनाला झालेली जखम ओळखू या

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद होती. कुर्बानीचे वाटे पोहोचवून, पाहुण्यांची सरबराई करून कोकणातील कितीतरी घरे त्या रात्री थकून झोपली. पाऊस सारखा कोसळत होता, पण जुलैच्या पावसाचे कोकणाला काय नवल! रात्र उलटता उलटता वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. २२ तारखेला सकाळी बाजारपेठ बुडालेली होती आणि अनेक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले होते. वीज गेली, फोन बंद पडले, माणसे माळ्यावर आणि गच्चीवर अडकली. त्याच दिवशी सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाड वेढले गेले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली.

त्याच्या आदल्या वर्षीही कोकणाची कमी परीक्षा झाली नव्हती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर या भागांतील घरांचे पत्रे आणि नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये एक पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर डोंगर खचला.

प्रत्येक वेळी मदत धावून आली. मशिदी, मदरसे, शाळा उघडल्या गेल्या. तरुणांनी गाळ उपसला, रॅशनचे किट आले, पंचनामे झाले. घरे हळूहळू पुन्हा उभी राहिली. पण एक नुकसान कोणत्याच पंचनाम्यात नोंदले जात नाही. भिंतीवरचा पाण्याचा डाग रंगाखाली झाकला जातो, पण घरातले एखादे माणूस आजही पत्र्यावर पाऊस वाजू लागला की उठून बसते. त्याच्याकडे आपण कसे पाहतो, त्याला काय म्हणतो, यावर त्याचे बरे होणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून या महिन्याचा लेख त्या न दिसणाऱ्या जखमेबद्दल.

हा आजार म्हणजे काय?

डॉक्टर याला ‘पीटीएसडी’ म्हणतात. मराठीत ‘आघातोत्तर ताणविकार’ असा शब्द आहे. नाव जड असले तरी गोष्ट समजायला सोपी आहे. जीव जाण्याची वेळ आली, डोळ्यांदेखत कोणी गेले किंवा आपले माणूस मरणाच्या दारात होते हे कळले, असा प्रसंग मन नेहमीच्या आठवणींसारखा साठवू शकत नाही. साधी आठवण ‘झाले, संपले’ अशी असते. ही आठवण मात्र ‘आत्ता घडते आहे’ अशी येते. मेंदूतील धोक्याची घंटा वाजत राहते. पूर केव्हाच गेला, पण शरीराला ते पटत नाही.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये ही लक्षणे फार पूर्वीपासून दिसत होती. आजाराला आजचे नाव अधिकृतपणे १९८० मध्ये मिळाले. आपल्या राज्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाले, याचा अभ्यास झाला. अभिनेते म्हणून आपल्या परिचयाचे असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे त्या कामात होते. तेव्हा हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे.

एक दिलासाही आधीच सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा भयंकर प्रसंग येतो, पण त्यांतील सुमारे ५.६ टक्के लोकांनाच हा आजार जडतो. बाकीचे काही आठवड्यांत, आपल्या माणसांच्या आधाराने, हळूहळू सावरतात. आपत्तीनंतर पहिले काही दिवस झोप न येणे, रडू फुटणे, दचकणे, भूक मरणे हे आजारपण नाही. इतक्या मोठ्या धक्क्यानंतर मनाने तसे वागणे स्वाभाविक आहे.

मग काळजी केव्हा करायची? एक महिना ही खूण लक्षात ठेवा. महिना उलटून गेला, तरी त्रास कमी होत नाही आणि त्यामुळे घरकाम, दुकान, शाळा किंवा झोप बिघडलेली आहे, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. काही जणांत लक्षणे सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा वर येतात. सुरुवातीला सगळ्या घराचा भार खांद्यावर घेऊन खंबीरपणे उभा राहिलेला माणूस, घर लागी लागल्यावर अचानक कोसळतो, तो यामुळेच.

घरात दिसणाऱ्या चार खुणा

पहिली खूण : प्रसंग पुन्हा पुन्हा जगणे. वाईट स्वप्ने पडतात. जागेपणीही डोळ्यांपुढे चित्र उभे राहते आणि माणूस काही क्षण तिथेच पोहोचतो. त्याला निमित्त फार छोटे पुरते. पावसाचा आवाज, वीज जाणे, ओल्या गाळाचा वास, मोबाइलवर आलेला ‘रेड अलर्ट’, रात्री वाजलेला फोन. छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात.

दुसरी खूण : टाळणे. नदीकडच्या रस्त्याने जायचे नाही, दुकानाचे शटर उघडायचे नाही, त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जायचे. कोणी मय्यतीला जाणे टाळू लागते. कोणाला अंगावर पाणी घेण्याची, बंद न्हाणीघरात आंघोळीला जाण्याची भीती बसते. घरच्यांना वाटते की माणूस आळशी झाला, अस्वच्छ झाला.

तिसरी खूण : मन बधिर होणे आणि स्वतःला दोष देणे. सणासुदीला आनंद होत नाही, मुलांविषयीची माया आटल्यासारखी वाटते. ‘मी तिचा हात सोडायला नको होता’, ‘मी वाचलो, ते का गेले?’ हे विचार कुरतडत राहतात. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी बांधवांच्या मनात हाच काटा आहे. कुवेतमध्ये, दुबईत, सौदीत बसून त्यांनी आपले गाव बुडताना मोबाइलवर पाहिले. मग फोन बंद पडला आणि घरची बायको-मुले, म्हातारे आई-वडील जिवंत आहेत की नाहीत, हे बराच वेळ कळले नाही. ते पुरात नव्हते, पण धक्का त्यांनाही बसला आहे. सुट्टीवर आलेला मुलगा उगाच चिडतो, रात्री जागतो, तेव्हा या बाजूनेही विचार करून पाहा.

चौथी खूण : सतत सावध राहणे. भांडे पडले तरी दचकणे, झोप न लागणे, बारीकसारीक गोष्टींवर भडकणे, रात्रीतून दहा वेळा उठून खिडकीतून पाणी पाहणे. इथे खबरदारी आणि आजार यांतला फरक ओळखावा. पावसाळ्याआधी कागदपत्रे, औषधे, टॉर्च एका पिशवीत भरून ठेवणे हे शहाणपण आहे. त्याने मनाला आधारही मिळतो, कारण आपल्या हातात काहीतरी आहे असे वाटते. पण पिशवी भरून ठेवूनही ज्याला उघाडीच्या रात्री झोप येत नाही, त्याला मदतीची गरज आहे.

आपल्याकडे पुष्कळ लोक, विशेषतः घरातल्या बायका आणि वडीलधारी माणसे, ‘मन घाबरते’ असे म्हणतच नाहीत. त्यांची तक्रार शरीराची असते. छातीत दुखते, डोके जड होते, गॅस होतो, हातापायांतून वारे गेल्यासारखे वाटते. ईसीजी होतो, रक्त तपासले जाते, सगळे ठीक निघते. मग ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. अशा वेळी डॉक्टरांना एक वाक्य जरूर सांगा : हा त्रास पुरानंतर, किंवा घर पडल्यानंतर, सुरू झाला. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.

पुरुषांमध्ये भीती बहुधा रागाच्या रूपाने बाहेर पडते. काही जण दारूकडे किंवा गुटख्याकडे वळतात, काही जण मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून खातात. हराम-हलालचे व्याख्यान देण्याआधी, हे नेमके केव्हापासून सुरू झाले, ते विचारावे.

मुले वेगळ्या भाषेत सांगतात

सहा-सात वर्षांचे मूल ‘मला भीती वाटते’ असे सांगत बसत नाही. ते पुन्हा पुन्हा बाहुली पाण्यात बुडवण्याचा खेळ खेळते, चित्रात बुडालेले घर काढते. सुटलेली सवय परत येते, म्हणजे अंथरूण ओले करणे, अंगठा चोखणे. अम्मीच्या ओढणीला धरून ते घरभर फिरते, शाळेची वेळ झाली की पोटात दुखते. मोठी मुले गप्प होतात किंवा उर्मट होतात, अभ्यासातले लक्ष उडते.

मुलाला या कारणासाठी मारू नये, भावंडांसमोर लाजवू नये. त्याला खरे आणि थोडक्यात सांगावे : पाऊस आला, पाणी आले, आता ते गेले आहे, आणि पुन्हा आले तर आपण काय करायचे ते ठरलेले आहे. ‘आता कधीच पूर येणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. जेवणाची, झोपेची, शाळेची, मकतबची वेळ पूर्वीसारखी सुरू करावी. रोज ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट घडते, हे पाहून मुलाला धीर येतो. काही दिवस दादीजवळ किंवा अम्मीजवळ झोपू द्यावे. आणि पुराचे व्हिडिओ त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा लावू नयेत.

सब्र म्हणजे तोंड शिवणे नव्हे

अशा माणसाला आपल्या घरांत सर्वांत जास्त ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे ‘सब्र करा’. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला रोज रात्री तेच पाणी दिसते, त्याच्या कानी ते ‘गप्प बस’ असे पडते. मग त्याला वाटू लागते की आपले ईमानच कच्चे आहे, म्हणून आपल्याला भीती वाटते. दुखण्यावर अपराधीपणाचे ओझे चढते.

कुरआनमध्ये ज्यांच्या सब्रचे वर्णन आले आहे, त्या ह. याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले होते, हेही कुरआनच सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्या समोर गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि जवळच्या सहाबींनी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा हे अश्रू दयेचे आहेत असा खुलासा त्यांनी केला. पत्नी ह. खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला इस्लामी इतिहासात दुःखाचे वर्ष असेच म्हटले जाते. प्रेषितांच्या घरात अश्रूंना जागा होती, तर आपल्या घरात का नसावी?

दुसरे वाक्य याहून घातक आहे : ‘ही आपल्या गुनाहांची शिक्षा आहे.’ ज्या बाईचे लेकरू दरडीखाली गेले, तिला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बुडून मेलेल्याला आणि पडलेल्या बांधकामाखाली दबून मेलेल्याला हदीसमध्ये शहीदांत गणले आहे. दुःखी घरात काही सांगायचेच असेल, तर हे सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘असर’. माणूस रात्री ओरडत उठला, शून्यात पाहत बसला, घरात कोणाला ओळखेनासा झाला की लगेच जिन, नजर किंवा करणी यांच्याकडे बोट दाखवले जाते. दुआ, तिलावत, जिक्र यांनी मनाला शांतता लाभते. ते जरूर चालू ठेवावे. पण माणसाला मारणे, उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे, धूर देणे आणि त्यासाठी हजारो रुपये उकळणे, याला इलाज म्हणत नाहीत. आधीच घाबरलेल्या जिवाला तो दुसरा आघात असतो. उपचार करा, अल्लाहने आजारासोबत त्याचा इलाजही ठेवला आहे, ही प्रेषितांचीच शिकवण आहे. ताप आल्यावर आपण दुआ करतो आणि डॉक्टरकडेही जातो. इथेही तसेच करावे.

नमाजबद्दलही थोडे नरमाईने घ्यावे. ज्याचा डोळा पहाटे चारला लागतो, त्याची फजर चुकते. ज्याचे मन ठिकाणावर नाही, तो रकअत विसरतो. त्याला सर्वांसमोर टोकू नये. बरे वाटू लागले की तो आपणहून सफमध्ये येईल. तोवर शेजारी बसून आपण नमाज पढावी.

पाहा, ऐका, जोडा

आपत्तीनंतर लगेच द्यायच्या मानसिक आधारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन शब्दांत सांगता येते आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

पाहा : आधी जागा सुरक्षित आहे का, ते पाहा. मग कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. जखमी, गरोदर, एकटी म्हातारी माणसे, आई-वडिलांपासून सुटलेली मुले, रोजची गोळी बंद पडलेले रुग्ण. आणि जो कोपऱ्यात एकदम गप्प बसला आहे, त्याच्याकडेही लक्ष असू द्या.

ऐका : शेजारी बसा, आपले नाव सांगा, काय हवे ते विचारा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर शांत बसा. ‘नेमके काय झाले, सगळे सांग’ म्हणून मागे लागू नका. धक्क्यानंतर लगेच एकदा बसवून सगळे वदवून घेतल्याने आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडे समाचाराला येणारा प्रत्येक जण तीच कहाणी पहिल्यापासून विचारतो आणि दुखावलेले माणूस दिवसातून दहा वेळा तीच सांगते. घरातल्या एखाद्या चाचाने किंवा खालाने दारातच पाहुण्यांना हळू आवाजात थोडक्यात सांगून ठेवावे, म्हणजे आतल्या माणसाची सुटका होते.

जोडा : अन्न, कोरडे कपडे, औषध, कागदपत्रे, भरपाईचा अर्ज, परदेशातील मुलाशी फोनवर बोलणे. ज्या गोष्टीने आजचा दिवस सोपा होईल, तिच्याशी माणसाला जोडून द्या. पंचनाम्याच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहणे, हाही मानसिक आधारच आहे.

पुढच्या महिन्यांत, भीतीचा झटका आला तर काय करावे? आवाज चढवू नका, गच्च धरू नका. नाव घेऊन बोला : ‘तुम्ही घरी आहात. आज अमुक वार आहे. मी इथे आहे.’ पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला सांगा, श्वास सावकाश बाहेर सोडायला सांगा. काहींना वुजू केल्याने बरे वाटते. पण ज्याची भीतीच पाण्याची आहे, त्याच्या तोंडावर पाण्याचे हबके मारू नका. आधी विचारा.

शब्दांचेही तसेच. ‘दुसऱ्यांचे तर घरच गेले, तुझे काय गेले?’, ‘इतके दिवस झाले, आता विसर’, ‘पुरुषासारखा पुरुष आणि घाबरतो’, ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. त्याऐवजी ‘झाले ते फार भयंकर होते’, ‘त्यात तुझी चूक नव्हती’, ‘रात्री जाग आली तर मला उठव’, एवढे पुरे.

फॅमिली ग्रुपवर एक शिस्त पाळता येईल. जुलै महिन्यात ‘धरणाचे पाणी सोडले’ असे संदेश आणि जुने व्हिडिओ रात्री-बेरात्री फिरतात. ग्रुपमधल्या एकाने सरकारी सूचना पाहून खात्री करावी आणि बाकीच्यांनी काहीही पुढे ढकलू नये. आपल्यासाठी ते एक बोट लावणे असते. ज्याने तो पूर पाहिला आहे, त्याची त्यापायी अख्खी रात्र जाते.

डॉक्टरकडे नेताना

हा आजार बरा होतो. मुख्य उपचार बोलण्याचा आहे. प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ ठराविक पद्धतीने, काही आठवडे, त्या आठवणीला हळूहळू सामोरे जायला शिकवतात. आठवण पुसली जात नाही, तिची धार जाते. काहींना गोळ्याही दिल्या जातात. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. रमजान जवळ आला की गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे बदलता येतील का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

सुरुवात कुठून करायची? ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवणे म्हणजे माणसाला ‘भरती करणे’ नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागते.

‘मुलीला तिथे नेले हे कळले तर लग्न कसे जमेल?’ ही चिंता खरी आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. उपचार न घेतलेल्या मुलीच्या जागत्या रात्री सासरीही तिच्याबरोबर जातात, हेही लक्षात घ्यावे. आपत्तीत पती गमावलेल्या भगिनी इद्दतमध्ये असतात आणि घरातल्यांना वाटते की त्यांना बाहेर नेताच येणार नाही. उपचारासारख्या खऱ्या गरजेसाठी बाहेर पडण्याची मुभा आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. तोवर फोनवरून सल्ला घेता येतोच.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी पण तेव्हाच गेलो असतो तर बरे’ असे बोलू लागले, तर ‘तोबा कर, हराम आहे’ एवढ्यावर विषय मिटवू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि विषारी फवारण्या हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या किंवा १४४१६ ला फोन करा.

मदत करणाऱ्यांकडेही पाहा

दरडीखालून मय्यती काढणारे, गुसल आणि कफन करणारे, कोविडच्या काळात ज्यांच्या जनाज्याला घरचेही येऊ शकले नाहीत त्यांना दफन करणारे आपले तरुण यांची आपण तारीफ केली, सत्कार केले. पण त्यांना झोप लागते का, हे किती जणांनी विचारले? त्यांनाही हाच आजार होऊ शकतो. मोहल्ल्यातील जमातने अशा कामानंतर त्यांना एकत्र बसवून चहा पाजावा, पाळीपाळीने सुट्टी द्यावी, आणि महिन्याभराने प्रत्येकाची विचारपूस करावी.

दोन वेळा येणारा स्मृतिदिन

आपत्तीची तारीख जवळ आली की बरा झालेला माणूसही पुन्हा अस्वस्थ होतो. डॉक्टरांना हे ठाऊक आहे. पण आपल्या घरांत ही तारीख वर्षातून दोनदा येते. एकदा २२ जुलैला, आणि एकदा बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, कारण तो पूर ११ जिलहिजला आला होता. हिजरी वर्ष पुढे सरकते, म्हणून हे दोन दिवस आता एकमेकांपासून दूर गेले आहेत. कॅलेंडरवर जुलै नसताना, ईदच्या घरात, सगळे वाटे वाटून झाल्यावर अम्मी एकाएकी गप्प का होते, हे मुलांना कळत नाही. ते त्यांना सांगून ठेवावे. त्या रात्री तिला एकटे झोपू देऊ नये. गेलेल्यांसाठी फातिहा किंवा दुआ, त्यांच्या नावाने सदका, जमेल ते सर्वांनी मिळून करावे. दुःखाला ठरलेली वेळ आणि जागा मिळाली, तर ते अवेळी दार ठोठावत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक घराने एवढे करावे. आपल्या नात्यात, शेजारात पुराचा, वादळाचा, दरडीचा किंवा अपघाताचा धक्का बसलेले एक माणूस आठवावे. त्याच्याकडे जावे, आणि ‘कसे आहात?’ नंतर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘झोप लागते का?’ उत्तर यायला वेळ लागेल. घाई करू नये, चहा घेत बसावे.

अल्लाह सर्व दुखावलेल्या मनांना शिफा देवो, गेलेल्यांची मगफिरत करो आणि आपल्याला एकमेकांचा आधार होण्याची तौफीक देवो. आमीन.